बागेसाठी लाकडी स्लीपर: कुठलं लाकूड, काय लावायचं, गोव्याच्या पावसात टिकवायचं कसं?

तांबडी_माती
फोंड्याजवळ उतारावरची जागा. करायचं आहे ते असं: नऊ मीटर लांब आणि दोन फूट उंच, माती अडवणारी भिंत. तिच्या कडेने पाच पायऱ्या. वरच्या टप्प्यावर भाजीचे दोन वाफे. चिऱ्यांचा बांध नको, लाकूडच हवं असा घरात कौल पडला आहे. वखारीत तीन प्रकार दाखवले: रेल्वेचे जुने काळे स्लीपर, ताजे कापलेले 'जंगली' लाकडाचे ठोकळे आणि हिरवट झाक असलेलं आयात पाइन. तिन्हींची हमी एकच, "वीस वर्षं बघायला नको". कुठलं घ्यावं, त्याला काय लावावं आणि भिंत उभी कशी करावी? काम पावसाआधी उरकायचं आहे. भिंतीच्या खालच्या अंगाला बारा मीटरवर विहीर आहे.

रंधा
जुन्या स्लीपरांपासून सुरुवात करू, कारण फसवाफसवी तिथेच जास्त.

माप घ्या. ब्रॉडगेजचा स्लीपर २७५ × २५ × १३ सेंमी, मीटरगेजचा १८० × २० × ११.५ सेंमी. वास्कोकडून घाटावर जाणारा मार्ग नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेज होता, त्यामुळे हे दुसरं माप आपल्याकडे दिसलं तर नवल नाही. कोकण रेल्वे मात्र १९९८मध्ये पूर्ण सुरू झाली तीच काँक्रीटच्या स्लीपरांवर. 'कोकण रेल्वेच्या लाइनीतला माल' म्हणून कुणी लाकूड खपवत असेल तर चार प्रश्न जास्त विचारा. मापात न बसणारा, काळं फासलेला ठोकळा बहुधा आंबा, रबर नाहीतर माड निघतो.

रेल्वेत साल (हे झाडाचं नाव) आणि सागवान बिनप्रक्रियेचे चालत. त्यांचा गाभा मुळातच टिकाऊ, आणि सालाच्या गाभ्यात तर औषध शिरतच नाही. चीड, देवदार, कैल यांच्यात क्रिओसोट हे डांबरी तेल दाबाने भरत, पुष्कळदा फर्नेस ऑईल निम्मं मिसळून. तेव्हा 'काळा आहे' एवढ्यावरून काही कळत नाही. खालच्या अंगाची तीन-चार मिमी ढलपी काढा. आत तपकिरी, घट्ट रेषांचं लाकूड आणि डांबराचा वास नाही, तर ते बिनप्रक्रियेचं. आतही काळपट असेल आणि वास नाकात चढत असेल तर क्रिओसोट. दुपारी उन्हात ठेवल्यावर पृष्ठभागावर चिकट काळे थेंब आले तर तो नग घेऊच नका, दर उन्हाळ्यात तो असाच पाझरेल.

बाकी तपासणी अशी. हातोडीने टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. भरीव आवाज मध्येच बद्द झाला की आत पोकळी. स्क्रू-ड्रायव्हर खिळ्यांच्या जुन्या भोकांपाशी दाबा, पाच मिमीपेक्षा जास्त आत गेला तर कूज सुरू आहे. ही भोकंच सगळ्यात आधी कुजतात, कारण वर्षानुवर्षं पाणी तिथे साचलेलं असतं. टोकाची चीर स्लीपरच्या रुंदीपेक्षा लांब असेल तर नग बाजूला. कापण्याआधी लोहचुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवा. तुटलेला कुत्रा-खिळा (रूळ पकडून ठेवणारा जाड खिळा) आत राहिलेला असेल तर चेनसॉची साखळी जाते, कधी माणसालाही लागते.

वजन: मीटरगेज साल साधारण ३७ किलो, ब्रॉडगेज ८० किलो. दोन माणसांनी उचलायचं असेल तर मीटरगेजच घ्या.

कुळागर
जंगली लाकडाच्या ठोकळ्यांबद्दल.

'जंगली' हे काही लाकडाचं नाव नव्हे. झाड कुठलं ते बिलावर लिहून घ्या. आपल्याकडे जमिनीला टेकवायला चालण्यासारखं पहिलं नाव जांबा. जड, घट्ट, वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. दक्षिणेत रेल्वेने याचे स्लीपरही वापरले आहेत. दुसरी माट्टी, म्हणजे घाटावरचा ऐन, गोव्याचा राज्यवृक्ष. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीच्या, म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी अडवायच्या झडपेच्या, दारांना माट्टी वापरायची पद्धत आहे, यावरून ती पाण्यात किती तग धरते ते समजा. किंदळ त्याखालोखाल. असण मिळाला तर उत्तम, पण मिळत नाही. फणस जमिनीच्या वर ठीक. आंबा, सावर, रबर, सिल्व्हर ओक बागेत मातीला लावूच नका. माडाच्या खोडाचा बाहेरचा कडक भाग फसवा असतो, आतला गर मऊ, एक-दोन पावसांत खाली बसतो.

यात एक अट आहे आणि वखारवाला ती कधीच सांगत नाही: हे सगळं फक्त गाभ्याला लागू. गाभ्याबाहेरचा पांढरट भाग कुठल्याही झाडाचा असो, जांब्याचासुद्धा, दोन-तीन वर्षांत भुगा होतो. ठोकळ्याचं टोक ओलं करून बघा, गडद आणि फिकट रंगांची हद्द लगेच दिसते. एखाद्या कडेला पांढरा पट्टा असेल तर तेवढा तासून काढा, किंवा ती कड वर आणि उघड्यावर येईल अशी लावा. मातीकडे कधीच नको.

ताजा ठोकळा ११-१२ सेंमी जाडीचा असेल तर आतपर्यंत वाळायला वर्षं लागतात, म्हणून तो भिंतीत लावल्यावरही चिरणार हे धरून चला. सगळ्यात बरा माल म्हणजे जुनं घर मोडताना निघालेल्या तुळया. पन्नास-साठ वर्षं वाळलेला जांबा किंवा माट्टी त्यात मिळतो. खिळे तेवढे काढून घ्यायचे.

वखारीतला_हिशोब
कागदपत्रांचं आधी सांगतो, मागाहून डोकेदुखी नको. खासगी जागेतलं झाड तोडायलाही १९८४च्या गोवा वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. कापीव लाकूड घेताना बिल आणि वाहतुकीचा पास मागा. रेल्वेचा भंगार माल ई-लिलावात निघतो, तिथून व्यापारी उचलतात, तेव्हा त्यांच्याकडे लिलावाचा कागद असतोच. बिनकागदाचा स्लीपर परसात सापडला तर १९६६च्या रेल्वे मालमत्तेच्या कायद्यात अडकायला होतं. "सगळे असेच नेतात" हे तिथे चालत नाही.

तांबडी_माती
देव बरें करूं! क्रिओसोटवाले भाजीच्या वाफ्याला चालतील का? आतून प्लास्टिक लावलं तर? आणि पाइनचं काय?

बोरॅक्स
ताई, भाजीला क्रिओसोट नको, प्लास्टिक लावूनसुद्धा नको. क्रिओसोट हे दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेलं तेल. त्यात बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं असतात, ती उन्हात पातळ होऊन बाहेर येतात. युरोपात बागा, खेळाची मैदानं, जिथे कातडीला वारंवार लागेल अशा जागी या स्लीपरांना बंदी आहे. म्हणजे भाजीबरोबरच पायऱ्या आणि बसायची जागाही गेली, कारण तिथे उघडे पाय नि हात लागणार. तुमची विहीर उताराच्या खालच्या अंगाला आहे आणि जांभ्या दगडातून पाणी भराभर झिरपतं, तेव्हा भिंतीलाही मी क्रिओसोट सुचवणार नाही. कापताना मास्क, पूर्ण बाह्या, हातमोजे. ढलप्या चुलीत किंवा पाणी तापवायच्या बंबात अजिबात घालू नयेत, त्या धुरात तीच द्रव्यं असतात.

पाइनचा हिरवा रंग तांब्याचा. कुठलं औषध ते विचारा. सीसीए असेल तर त्यात आर्सेनिक आहे, भाजीला नको. एसीक्यू किंवा कॉपर अझोल असेल तर आर्सेनिक नाही. न्यूझीलंडच्या पाइनवर एच३, एच४, एच५ असे शिक्के असतात. एच३ फक्त जमिनीच्या वर. मातीला टेकणार असेल तर निदान एच४ हवं. शिक्का नसलेला हिरवा ठोकळा नुसता रंगात बुडवलेला असू शकतो. कापून बघा, हिरवटपणा कडेपासून आत किती गेला आहे ते तिथेच दिसतं. दोन-तीन मिमीवरच थांबला असेल तर पुढे जा.

अनाडी_मेस्त
एवढा खटाटोप कशाला? गॅरेजमधलं जळकं ऑईल दोन हात मारा, वरून डांबर. सगळे तेच करतात.

बोरॅक्स
जळक्या ऑईलमध्ये बुरशी मारणारं काही नसतं. वाळवीला वासाने चार महिने लांब ठेवतं, पहिल्या पावसात निम्मं धुऊन मातीत जातं, सोबत इंजिनातले धातूही. इथे खाली विहीर आहे.

डांबराचा दोष वेगळा. लाकूड पूर्ण वाळलेलं असेल तर त्याचा थर पाणी अडवतो. ओलसर लाकडावर मारलं तर आतलं पाणी कोंडतं आणि वरून छान काळं दिसणारं लाकूड आतून कुजत जातं. लाकडातलं पाणी वजनाच्या २० टक्क्यांखाली असलं तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. काट्यांचा मीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, ताजी कापलेली आडवी बाजू मोजा; बाहेरची बाजू नेहमी कोरडीच दाखवते.

आता काय लावायचं ते. जांबा, माट्टी किंवा सालाच्या गाभ्यात ब्रशने काहीही खोल जात नाही, म्हणून अख्ख्या ठोकळ्यावर पैसे घालवू नका. तिन्ही जागा धरा: दोन्ही टोकं, तुम्ही पाडलेली भोकं, आणि मातीत जाणारा भाग. लाकूड पाणी पितं ते टोकांकडून, रेषांच्या दिशेने. आडव्या बाजूने त्या मानाने फारच कमी.

बोरॉनची कृती: बोरिक ॲसिड ४०० ग्रॅम, बोरॅक्स ६०० ग्रॅम, कडक गरम पाणी १० लिटर. ढवळून विरघळवा, कोमट असतानाच टोकं त्यात अर्धा तास उभी बुडवा, बाकी ठिकाणी ब्रशने तीन हात. मग ताडपत्रीत गुंडाळून तीन-चार आठवडे सावलीत. बोरॉन ओल्या लाकडातच आत सरकतो, म्हणून ताज्या ठोकळ्यांना हे जास्त लागू पडतं. नंतर उघडून वाळवा. याचा दोष असा की पाण्याने तो धुऊन जातो, वरचा थर नसेल तर एका पावसाळ्यात बराचसा निघून जाईल. मातीत गाडल्या जाणाऱ्या भागाला यावर भिस्त ठेवू नये, आणि भाजीच्या वाफ्याच्या आतल्या बाजूला तर लावूच नये. मातीत बोरॉन जास्त झाला की पानांच्या कडा करपतात.

मातीत जाणाऱ्या टोकांना कॉपर नॅफ्थेनेट (तांब्याचं बुरशीनाशक), दोन हात, एक दिवस अंतराने. कापलेल्या पाइनच्या टोकांनाही तेच, नाहीतर आतलं कोरं लाकूड उघडं पडतं आणि एच४चे पैसे वाया. सीसीए, सीसीबी घरी कालवायच्या भानगडीत पडू नका. त्यातलं सोडियम डायक्रोमेट फार विषारी आहे, ते दाबाच्या टाकीत, कारखान्यातच व्हायला हवं.

कुळागर
काजूचं तेल कुणी कसं सुचवलं नाही? बियांच्या टरफलांचं, काळं. होड्यांना आणि घराच्या वाशांना पूर्वापार लावतात.

बोरॅक्स
चांगली आठवण. जमिनीच्या वरच्या भागाला ते खरोखर बरं, वाळवीही टाळते. पातळ होईल इतकं टर्पेंटाइन घालून दोन पातळ हात, पहिला हात पूर्ण सुकल्यावरच दुसरा. जाड हात मारला तर आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. अंगावर उडालं तर बिब्ब्यासारखे फोड येतात, म्हणून रबरी हातमोजे आणि चष्मा. बाकड्याला आणि पायरीच्या वरच्या अंगाला नको. अळशीचं तेल आपल्या दमट हवेत एकटं वापरू नये, बुरशीला ते खाद्यच आहे. महिन्याभरात काळे ठिपके येतात.

पागोळी
लाकडावर एवढं बोलणं झालं, पण अशा भिंती कोसळतात त्या बहुतेक पाण्याने. जरा आकडे बघा.

६० सेंमी उंच भिंतीवर निचरा असलेल्या मातीचा रेटा एका धावत्या मीटरला साधारण ११० किलो. तीच माती मागे पाणी साचून चिंब झाली की रेटा २३० किलोच्या घरात जातो, दुपटीहून जास्त. वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, म्हणजे निचरा नसेल तर हा दुसरा आकडाच खरा. स्लीपर आडवे, सपाट रचले तरी भिंतीचं वजन मीटरला शंभर किलोच्या आसपास. नुसत्या वजनावर ती पहिल्या रेट्यालाही पुरत नाही. खांब लागणारच.

तुमच्या मापाला हिशोब असा बसतो. मीटरगेज मापाचे ठोकळे कडेवर उभे करून (२० सेंमी उंची) तीन थर, ६० सेंमी. एका थराला पाच, एकूण १५ नग. निवडीत जाणारे धरून १७ घ्या. मधल्या थरात चार पूर्ण आणि दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा, म्हणजे सांधे एकावर एक येत नाहीत. सांधे ९० सेंमीच्या पटीत पडतात, तेव्हा खांबही ९० सेंमीवर, एकूण ११. खांब ६५ × ६५ × ६ मिमी लोखंडी अँगल, गरम झिंक केलेला, १३५ सेंमी लांब: ७५ खाली, ६० वर. खांब भिंतीच्या पुढे, स्लीपर त्यांच्या मागे. मातीने ढकललं की लाकूड खांबावर टेकतं, स्क्रूवर भार येत नाही. उलट लावलं तर सगळी भिंत स्क्रूंवर लटकते आणि तिसऱ्या पावसात बाहेर झुकते. अँगलच्या सपाट बाजूवर दोन्ही टोकं निम्मी-निम्मी टेकली पाहिजेत, सांधा खांबाच्या मध्यावर आणा. खांब सरळ उभे न करता मातीकडे किंचित कलते ठेवा, ६० सेंमीला ५-६ सेंमी.

तळाला ३० सेंमी रुंद चर, त्यात १० सेंमी २० मिमी खडी, धुम्मसने दाबून. पहिला थर थेट मातीवर टेकवू नका. भिंतीच्या मागे ३० सेंमी रुंदीची खडी वरपर्यंत, मातीच्या बाजूने जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं). कापड नसेल तर दोन वर्षांत तांबडी माती खडीत शिरते आणि निचरा बंद. तळाशी ११० मिमीचा छिद्रांचा पाइप, छिद्रं खाली, उतार शंभराला एक, म्हणजे नऊ मीटरला ९ सेंमी. तोंड मोकळ्या जागी काढा, विहिरीकडे नको. खडी सगळी मिळून १.९ घनमीटर, पाऊण ब्रास मागवा. वरचे १० सेंमी मातीने झाका, म्हणजे वरून येणारं पाणी सरळ खडीत शिरत नाही.

रंधा
+१. आणि लाकडाचे उभे खांब करायचे झाले तर बुंध्याभोवती काँक्रीटचा पेला करू नका. पेल्यात पाणी साचतं आणि खांब जमिनीच्या पातळीपाशी कापल्यासारखा तुटतो. पातळीखालचे २०-३० सेंमी, जिथे ओल आणि हवा दोन्ही पोचतात, तिथेच कूज धरते. त्याखाली लाकूड बऱ्याचदा धडधाकट निघतं. तळ खडीवर उघडा ठेवा.

स्क्रू: १० मिमी जाडीचे, षटकोनी डोक्याचे लॅग स्क्रू. कडक लाकडात आधी ७ मिमीचं भोक पाडा, गुळगुळीत दांड्याएवढ्या भागात १० मिमी. भोक न पाडता मारले तर जांब्यात स्क्रूचं डोकंच तुटतं. स्क्रू साबणाला घासून मारा. तांब्याचं औषध भरलेल्या पाइनमध्ये साधे झिंकचे स्क्रू लवकर गंजतात, तिथे एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४. कळंगुट-बाणावलीसारख्या किनाऱ्यालगत एसएस ३१६, फोंड्याला ३०४ पुरे.

वखारीतला_हिशोब
पायऱ्यांचं राहिलंच. लाकडाचा पूर्ण सपाट पाय करू नका. जुलैत शेवाळ धरलं की त्यावर उभं राहणं मुश्कील. कोंबडीजाळी ठोकतात, ती दोन वर्षांत गंजून काटे बाहेर येतात. स्लीपर फक्त पुढच्या कडेला, १५ सेंमी उंचीचा, आणि मागच्या ३५ सेंमीत दाबलेली खडी किंवा खडबडीत फरशी. कडेच्या लाकडाला मागून पुढे एक सेंमीचा उतार द्या, पाणी पुढे पडेल. प्रत्येक पायरीला दोन १२ मिमीच्या सळया, ६० सेंमी जमिनीत.

वाफ्यांसाठी प्रामाणिकपणे सांगायचं तर चिरे. घरातला कौल फक्त भिंतीपुरता होता असं समजा. अगदी लाकूडच हवं तर बिनऔषधाचा जांबा, आतून डिंपल शीट (उठावदार बुंदक्यांची प्लास्टिकची शीट), तळ उघडा.

तांबडी_माती
घरात परत मतदान घेते :) भिंतीला जुन्या तुळयांतला जांबा मिळाला तर तो, नाहीतर एच४ पाइन. वाळवीसाठी मातीत क्लोरपायरीफॉस टाकायला एकजण सांगतोय.

बोरॅक्स
ते घराच्या पायाचं औषध. वीस लिटरमागे एक लिटर असं मातीत ओततात. बागेत, खाली विहीर असताना, नको. त्याऐवजी भिंत घराला जोडू नका, मध्ये १० सेंमी मोकळी फट ठेवा, म्हणजे वाळवीला झाकलेली वाट मिळत नाही आणि तिच्या मातीच्या नळ्या उघड्यावर दिसतात. दिसल्या की खरवडा आणि त्या जागी बोरॉनचं पाणी. भिंतीच्या पायथ्याशी पालापाचोळा, नारळाची सोडणं, लाकडाचे तुकडे साठवू नका. वाळवी तिथे वाढते आणि मग भिंतीकडे वळते.

काम एप्रिलमध्ये धरा. मार्चपर्यंत लाकूड आणून सावलीत, खाली फळ्या घालून, थरांमध्ये बोटभर पट्ट्या ठेवून रचा. टोकांचं औषध आणि काजूचं तेल मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपलं पाहिजे, त्यानंतर वळवाचा भरवसा नाही.

पागोळी
आणि पहिला मोठा पाऊस पडला की पाइपाच्या तोंडाशी जाऊन बघा. गढूळ पाणी एक-दोन दिवस येईल, ते चालतं. आठवडाभर तांबडंच येत राहिलं तर कापड कुठेतरी फाटलं किंवा दुमडलं आहे, तेवढ्या जागी खडी उकरून कापड नव्याने लावा. पाणी आलंच नाही आणि पुढच्या सांध्यांतून झिरपायला लागलं तर पाइप उलट्या उतारावर बसला आहे. माती अजून मऊ असते तेव्हाच तो काढून घ्या, ऑगस्टपर्यंत थांबू नका.